पेटीतला शकुनाचा गणपती

तुमची मुलगी काय करते असं कुणी विचारलं की आई सांगते, "मोबाईलच्या आतलं करती." बाहेरचं करणारे पुष्कळ आहेत, ते काच बदलून देतात, आतलं करणारी आमच्या वाडीत मी एकटीच, असा एक बारीकसा तोरा त्या उत्तरात असतो. मला ते इतकं पटलंय की आता मीसुद्धा तेच सांगते.

सात वर्षं मी हे आतलं काम बेंगळुरूत केलं. मग वडील गेले, जोयड्याच्या जंगलात, कुंभारवाडा गावाच्या अलीकडच्या आमच्या घरात आई एकटी राहिली, आणि घरून काम करू द्या म्हणून मी मॅडमच्या मागे हात धुऊन लागले. मॅडम म्हणजे आमच्या छोट्या कंपनीतली माझी वरिष्ठ. धारवाडकडची, बोलायला गोड आणि कामाला कडक. आमच्याकडच्या बसची आणि विजेची कहाणी तिला कुणीतरी आधीच सांगून ठेवली होती, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं, ही माझी खरी अडचण. शेवटी ती म्हणाली, "तीन महिने देते. तीन महिन्यांच्या शेवटच्या शुक्रवारी चार वाजता मला नवीन आवाज चालवून दाखव. दाखवलास तर खुशाल तिथे राहा. नाहीतर सोमवारी ऑफिसात यायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मी हो म्हटलं. मी कशालाही आधी हो म्हणते आणि मग घाम पुसत बसते.

नवीन आवाजाचं असं होतं. आमचं ॲप कमी दिसणाऱ्या माणसांसाठी आहे. छापील कागदावर फोन धरला की फोन तो वाचून दाखवतो. मराठी मात्र तो असा वाचायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी जप्तीची नोटीस घेऊन दारात आलंय. दुसऱ्या एका कंपनीनं मराठी आणि कन्नडसाठी फार सुरेख आवाज तयार केला होता. तो आम्ही घेतला, आणि आमच्या ॲपात बसवायचं काम माझ्याकडे आलं.

आता थोडं आतलं सांगते. भिऊ नका, नमनाला घडाभर तेल घालणार नाही. आमचं ॲप स्विफ्ट नावाच्या भाषेत लिहिलेलं आहे. दुसऱ्याचं काम त्यात घ्यायचं असेल तर ते पॅकेज म्हणून घेतात, आणि बहुतेक वेळा लिहिलेलं सगळं त्यात उघडं असतं. वाचा, कुठं काय घातलंय ते बघा, मग घ्या. पण आवाजवाल्या कंपनीला आपली गुपितं उघडी करायची नव्हती. त्यांनी तो आवाज आधीच यंत्राच्या भाषेत करून एका बंद फाईलीत भरून दिला होता. बंद पेटी म्हणा. आपण आपल्या पॅकेजच्या यादीत लिहायचं की ही पेटी अमुक पत्त्यावर आहे आणि तिची खूण अमुक. खूण म्हणजे चौसष्ट अक्षरांची एक ओळ. पेटीत जे काही आहे त्या सगळ्यावरून यंत्र ती काढतं. आत एक टिंब इकडचं तिकडं झालं तरी अख्खी ओळ बदलते. स्विफ्ट ती पेटी उतरवून घेतं, खूण स्वतः काढतं, यादीतल्या खुणेशी ताडून बघतं आणि जुळली तरच आत घेतं. जुळली नाही तर दारातून परत.

मला ही गोष्ट मनापासून आवडते. आत काय आहे ते दिसत नाही, तरी देणाऱ्यानं जे दिलं तेच आपल्या हातात आलं एवढं नक्की कळतं. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच हसले होते, आणि शेजारच्या मुलीनं खुर्ची जरा लांब सरकवली होती.

तर ती पेटी उतरवायला मी शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी बसले. पेटी अवाढव्य, आणि आमच्या घरात येणारी नेटची वायर म्हणजे नुसता देवाचा आधार. पत्रं जातात, बोलणं होतं, चित्रसुद्धा थांबत थांबत दिसतं. पण एवढी मोठी फाईल आली की अर्ध्यावर तुटायची, आणि तुटली की पुन्हा पहिल्यापासून. बुधवारी तर अगदी थोडी उरली होती. मी श्वास रोखून बसले होते. हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि मी जे काही बोलले ते ऐकून परसातनं आई म्हणाली, "देवळात जाऊन ये जरा."

खरं तर मी तेव्हाच लॅपटॉप उचलून रामनगरला जायला हवं होतं. तिथं नेट चांगलं आहे, आणि माझ्या चुलतभावाची बायको, आमची वैनी, तिथल्या बस स्टँडजवळ दुकान चालवते. पण माझं नाक आडवं आलं. घरून काम जमतं हे दाखवायला तीन महिने घेतले आणि एका फाईलीसाठी मी दीड तास स्कूटर हाकत जायची? मग मी आमच्याकडची जुनी रीत धरली. आमच्याकडे काहीही बसनं जातं. औषधाची बाटली, लग्नपत्रिका, पंपाचा वायसर, चष्मा. कंडक्टरच्या हातात द्यायचं, कुणाचं ते सांगायचं, आणि पलीकडं माणूस उभा राहतो. पेन ड्राईव्हनं काय घोडं मारलंय, असं मी ठरवलं.

वैनीचं दुकान म्हणजे झेरॉक्स, फोटो, ऑनलाईन अर्ज आणि मुख्य म्हणजे लग्नपत्रिका. तिचं माहेर खानापूरकडचं, हात चलाख, आणि कॉम्प्युटर ती अशी चालवते की बघत राहावं. गुरुवारी मी तिला फोन केला. "वैनी, एक लिंक धाडलीय. ती फाईल उतरवून घ्या आणि शुक्रवारच्या पहिल्या बसला द्या. माझी नोकरी आहे त्याच्यात."

"नोकरी हाय म्हंजे मी जातीनं बगते," वैनी म्हणाली. जातीनं बघते म्हणाली, आणि खरोखरच बघितलं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला बस आली. कंडक्टरनं खिडकीतून लग्नपत्रिकेचं एक लाल पाकीट माझ्या हातात दिलं. आत पेन ड्राईव्ह. बस थांबते त्या वळणावरून घरापर्यंत मी चक्क पळत आले. साडेसहा तास हातात होते आणि काम दोन तासांचं. मला वाटलं, जेवून वर एक झोपही होईल.

यादीत दूरच्या पत्त्याऐवजी मी फाईलीची घरातली जागा लिहिली. इथं एक गंमत आहे. पेटी दुरून येणार असेल तर स्विफ्ट खूण मागतं. घरातलीच आहे म्हटलं की मागत नाही, सरळ आत घेतं. म्हणजे मी खूण तपासली नसती तरी मला कुणीच काही विचारलं नसतं. पण सवयीनं हात गेला. खूण काढायची ती आज्ञा मी टाईप केली, ओळ आली, आणि ती कंपनीनं दिलेल्या ओळीशेजारी धरली.

पहिलंच अक्षर वेगळं. दुसरंही. चौसष्ट अक्षरांत एकाचा एकाला पत्ता नाही.

पुन्हा काढली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काढताना तोंडाने मी वाराची, ग्रहांची आणि नेटवाल्यांची सगळ्यांची उजळणी करत होते. मग पेटी उघडून बघितली. आवाजाचा फोल्डर होता तसा दिसत होता. आणि त्याच्या शेजारी, ऐसपैस, लाल सोवळ्यातला, हातात मोदक घेतलेला एक गणपती.

मी फोन लावला. "वैनी, पेटीत गणपती कुणी घातला?"

"मीच की!" वैनी खुशीत होती. "आवडला काय गे?"

"पण कशाला?"

"कशाला म्हंजे? लेकीबाळीला नुसतं सामान कोण धाडतंय? वर शकुनाचं कायतरी ठेवाय नको? सुपारी त्या पेन ड्राईव्हच्या काडीत बसंना, म्हणून गणपती बसवला. माझ्या दुकानातनं कुठलीबी पत्रिका गणपतीबिगर जात न्हाई. तुझी तर नोकरी हाय म्हणालीस."

यात वैनीचं काही चुकलं असं मला तेव्हाही म्हणवेना. आमच्याकडे घरच्या मुलीला काहीही पाठवलं तरी वर हळकुंड, सुपारी, निदान दोन फुलं असतात. मी बेंगळुरूला असताना मला आलेल्या लोणच्याच्या बरणीवरसुद्धा एक सुपारी दोऱ्यानं बांधलेली असायची. नुसतं सामान आलं तर उलट फोन करून विचारावं लागलं असतं, काही रागबिग आहे का.

"वैनी, मूळची फाईल आहे ना तिथं?"

"ती कशाला ठेवू? केवढी जागा खातिया! उघडली, गणपती ठेवला, परत बांधली, जुनी काढून टाकली. तीनदा बगितलं मी, सगळं आत हाय."

पलीकडं तिनं कुणाला तरी दोन झेरॉक्स दिल्या. मी हसावं की रडावं या विचारात फोन ठेवला.

मग मी काय केलं ते सांगते, लपवत नाही. मी माऊस त्या गणपतीवर नेला. हे चित्र काढायचं, बाकी आवाज आहे तसा घ्यायचा, संपलं. खूण कोण विचारतंय? वैनी काही शत्रू नाही. आवाज चालला, चार वाजता मॅडमला दाखवला, मी घरात राहिले. साडेदहा वाजून गेले होते. बोट बटणावर होतं.

आई मागच्या पडवीत सुपारी सोलत बसली होती. माझी सकाळपासूनची बडबड तिनं ऐकली होतीच. मी उंबऱ्यात जाऊन बसले आणि तिला सगळं सांगितलं. सल्ला मागायला नव्हे. नुसतं "असू दे गे, काढून टाक ते चित्र" एवढं तिच्या तोंडून ऐकलं असतं तर मला बरं वाटलं असतं. खूण म्हणजे काय, ती कशी निघते, पेटी बंद का असते, हे सगळं सांगितलं. आई हात न थांबवता ऐकत होती.

"म्हंजे राशीवरची राख की ही," ती म्हणाली.

मला क्षणभर कळलंच नाही. मग डोळ्यांपुढं आमचं खळं आलं. भात झोडून, वारवून रास झाली आणि त्याच दिवशी घरी न्यायला जमलं नाही, तर वडील चुलीतली राख घेऊन राशीवर रेघा ओढायचे, वरून खालपर्यंत, आणि सगळ्याभोवती एक वेढा. सकाळी खळ्यावर गेलं की आधी राख बघायची. रेघ सलग असली तर रास तशीच. मी लहान असताना मला ती सजावटच वाटायची.

"व्हय," मी म्हटलं. "तीच."

"मग राख मोडलीय. टाकून दे."

"आई, पण वैनीनं गणपती ठेवलाय नुसता. वैनी काय चोर हाय?"

"चोर कोण म्हणालंय? तुझा बा राख मोडलेली रास बियाण्याला घेत न्हवता. खायाला घेत हुता, बियाण्याला न्हाई. नेलेलं कळतंय गे. मापलं की कळतंय. घातलेलं कळत न्हाई. पेरून उगवल्यावर कळतंय." तिनं एक सुपारी टोपलीत टाकली. "गणपती तुला दिसला. न दिसलेलं काय हाय ते कुणाला ठाव? त्या दुकानच्या मिशिनीत शंभर लोकांच्या काड्या लागत्यात."

हे शेवटचं मात्र माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. दिवसाकाठी किती जणांचे पेन ड्राईव्ह वैनीच्या त्या कॉम्प्युटरला लागतात, आणि त्यांतून कसले कसले व्हायरस येतात, हे मी चांगलं जाणून होते. ती पेटी तिथं उघडली गेली होती, आणि ती पुढं किती तरी कमी दिसणाऱ्या माणसांच्या फोनमध्ये जाणार होती. त्यांच्या औषधाच्या चिठ्ठ्या, त्यांची पत्रं तोच आवाज वाचणार.

"आई, चारला दाखवलं न्हाई तर सोमवारी मला बेंगळुरूला जाया लागंल. कायमचं."

तिचे हात थांबले. "ठाव हाय मला," ती म्हणाली. "तरीबी टाकून दे."

मी भयंकर चिडले. तिच्यावर, राखेवर, जगातल्या सगळ्या सुपाऱ्यांवर. मला काही बोलायचंच नव्हतं तिच्याशी. लॅपटॉप पिशवीत कोंबला, फोनची वायर घेतली, स्कूटरला किक मारली आणि निघाले. अकरा वाजले होते. वाटेत फोन लागत नाही हे माहीत असूनही मी तिला येते म्हणून सांगितलं नाही.

जोयड्यापर्यंत गाडी मी कशी चालवली ते विचारू नका. पुढं जंगलात रस्त्यावर गवे उभे. पाच-सहा, मधोमध, आणि त्यांना कसलीही घाई नाही. गव्याला हॉर्न वाजवायचा नसतो. मी इंजिन बंद करून बसले. राग असा गमतीदार असतो की बसून राहिलं की त्याला करायला काही उरत नाही. दहा मिनिटांनी शेवटचा गवा झाडीत शिरला तोवर माझ्या डोक्यात स्वच्छ उजेड पडला होता: आता पेन ड्राईव्ह नको, काडी नको. लॅपटॉप वैनीच्या नेटला लावायचा, यादीत कंपनीचा खरा पत्ता आणि खरी खूण लिहायची, आणि स्विफ्टलाच ती पेटी आणू दे आणि त्यालाच तपासू दे. मला एकदम उत्साह आला. मी गाडीवर मोठ्यानं गाणंसुद्धा म्हटलं, आणि माझं गाणं कुणी ऐकत नाही तेच बरं.

जोयड्यात रेंज मिळाली तेव्हा मी फोनवर सगळं सांगितलं होतं, म्हणून वैनीनं टेबल मोकळं करून ठेवलं होतं. तिचा चेहरा एवढासा झाला होता. "मी तुझी नोकरी घालवली काय गे?"

"अजून न्हाई. नेट द्या."

पावणेएकला पेटी उतरायला लागली. तिसऱ्या हिश्शापर्यंत भराभर आली, मग गोगलगाय झाली, मग तुटली. मी डोकं धरलं. पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच, दोन वाजून गेले. वैनी माझ्या खांद्यावरून बघत होती. "असं का व्हतंय?" तिनं विचारलं, आणि स्वतःच दारातून बाहेर डोकावली. स्टँडवर बसची वाट बघणारे वीस-पंचवीस जण, आणि प्रत्येकाची मान मोबाईलमध्ये. दुकानाचा पासवर्ड वैनीनं गिऱ्हाईक म्हणून एकाला दिला होता, आणि आमच्याकडे एकाला दिलेलं सगळ्यांना दिलेलंच असतं.

वैनी पायरीवर उभी राहिली. आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये तिनं जाहीर केलं की दुकानाचं नेट आता बंद होणार आहे, घरच्या पोरीची नोकरी अडकलीय, कुणाला पिक्चर बघायचा असेल त्यानं बेळगावला जावं. मग आत येऊन तिनं पासवर्डच बदलला. नवा पासवर्ड मला कागदावर लिहून दिला, आणि तो शिवी होता.

पेटी सुसाट आली. मी खुर्चीत बसूच शकले नाही. गुंद गावाहून मुलीच्या लग्नाची पत्रिका छापून घ्यायला आलेले एक काका बाकावर बसले होते, तेही उठून उभे राहिले, का ते त्यांना माहीत नसावं. तीन वाजून दहा मिनिटांनी फाईल पुरी झाली. स्विफ्ट थबकलं. ते खूण काढत होतं. मी मनात एक, दोन, तीन मोजत होते.

जुळली! यादीत आवाजाच्या नावासमोर सगळं हिरवं, कुठं तक्रार नाही. मी ओरडले. वैनी ओरडली. काकांनी विचारलं, "मुलगा झाला काय?"

पण हुरळून जायची वेळ अजून आली नव्हती. ॲप बांधायला घेतलं तर लाल ओळ, या नावाचं काही सापडत नाही म्हणून. वीस मिनिटं मी शोधत राहिले. पेटीचं आतलं नाव एक होतं आणि मी यादीत माझ्या सोयीचं दुसरंच लिहिलं होतं. ही चूक अगदी माझी, हिच्यात वैनीचा काही हात नाही. ते निस्तरलं तोवर कळलं, ही पेटी फक्त खऱ्या फोनसाठी आहे, लॅपटॉपच्या पडद्यावरच्या खोट्या फोनवर ती चालत नाही. माझा फोन वायरनं जोडला. चार वाजायला आठ मिनिटं. सात. पाच. फोनवर ॲप उघडलं.

"काका, तुमच्या हातातला कागद द्या," मी म्हटलं.

त्यांच्या हातात लग्नपत्रिकेचा कच्चा नमुना होता. मी त्यावर फोन धरला. आणि फोन बोलला. "आमचे येथे श्रीकृपेकरून..."

असा आवाज! माणसाचा. कुणी मावशी पडवीत बसून, चष्मा सावरून, आपल्याच घरची पत्रिका वाचतेय असा. पॉज जिथं हवा तिथं, ज्येष्ठ कन्या म्हणताना जरासा कौतुकाचा हेल. वैनीनं तोंडावर हात ठेवला. तीन महिने मी ज्याच्यामागे होते तो आवाज रामनगरच्या स्टँडवर बोलत होता. सगळी पत्रिका वाचून तो थांबला, आणि काका शांतपणे म्हणाले, "वैनी, ह्यात मुहूर्ताची येळच न्हाई की."

खरंच नव्हती. वैनीनं तीन वेळा बघितली होती.

बरोबर चारला मॅडमचा चेहरा पडद्यावर आला. तिनं माझ्यामागचे लग्नपत्रिकांचे गठ्ठे बघितले. "हे तुझं घर?"

मी आधी आवाज चालवून दाखवला. दुरुस्त केलेली पत्रिका, मग वैनीकडचा एक कन्नड अर्ज. मॅडमनं कन्नड अर्ज दोनदा वाचायला लावला. तिचा चेहरा उजळला होता, पण ती लगेच मूळ पदावर आली. "काम सुंदर झालंय. पण तू घरी का नाहीस?"

नेट गेलं होतं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण गणपतीपासून गव्यापर्यंत सगळं मी सांगून टाकलं. अर्धं कन्नडमध्ये, अर्धं इंग्रजीत, कारण घाबरले की माझं तसंच होतं.

मॅडम म्हणाली, "सकाळी घरची फाईल म्हणून लिहिलं होतंस. मग स्विफ्टनं तुला अडवलंच नसणार."

"नाही."

"मग खूण का तपासलीस?"

"सवय."

"आणि ते चित्र काढून टाकून पुढं गेली असतीस, तर मला कधी कळलं असतं?"

"नसतं कळलं," मी म्हटलं. "आणि मी तेच करणार होते. आईनं अडवलं."

"सोमवारचं आईला माहीत होतं?"

"होतं."

मॅडमनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तू तिथंच राहा," ती म्हणाली. "फाईल आणायला गावाला जावं लागलं तर जा, मला सांगून जा, त्यात कसली लाज? इथं माझ्यासमोर बसून न तपासणारे मला पुष्कळ मिळतात." मग घाईघाईनं आपलं दुसरं काहीतरी काम असल्याचं सांगून तिनं फोन ठेवला.

वैनीनं मला असं आवळलं की पाठ कडाडली. काकांनी वैनीच्या डब्यातले पेढे स्वतःच वाटले. मी दोन खाल्ले आणि गाडी काढली, कारण आता मला एकच घाई होती. घरचा फोन दुपारपासून लागत नव्हता. वीज गेली असणार, आणि वीज गेली की आमच्या घरी सगळंच गेलेलं असतं.

परत येताना गवे भेटले नाहीत. घरी पोचले तेव्हा ऊन परसातून निघून चाललं होतं. आई मागच्या पडवीत त्याच जागी बसली होती. सकाळची टोपली सोलून संपली होती, तिच्याशेजारी दुसरीही भरली होती, आणि ती तिसरीतली सोलत होती. चुलीजवळ दुपारचा भात झाकलेला, दोघींचा. तिनं गाडीचा आवाज ऐकला होता, पण मान वर केली नाही.

"ऱ्हायले गे आई," मी म्हटलं. "हितंच. न्हाई जायाचं."

तिच्या हातातली सुपारी खाली पडली आणि गडगडत अंगणात गेली. तिनं ती उचलली नाही. पदर तोंडाला लावला, आणि आई रडायला लागली. वडील गेले तेव्हा पाहुण्यांसमोर जशी रडली होती तशी नाही. आवाज न करता, खांदे हलवत.

"टाकून दे म्हणून म्हणाले खरं," ती म्हणाली. "तू रागानं गाडी काढलीस, वळणावरनं गेलीस, तवापास्नं सोताला शिव्या घालाय लागले. एक गणपतीच हुता की! काय बिघडत हुतं? घे म्हणाले असते तर लेक घरात ऱ्हात हुती. दिवसभर तेच डोस्क्यात. माझ्या लेकीला मी माझ्या तोंडानं घालवलं."

मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. मॅडम काय म्हणाली ते सांगितलं, तिनं आईचं विचारलं तेही सांगितलं. सकाळी न बोलता गेल्याची मला फार लाज वाटत होती, आणि तीसुद्धा सांगितली. आई ऐकत होती, पण तिला ते नीट पोचत होतं की नाही कोण जाणे. ती सारखी माझ्या दंडाला हात लावून बघत होती.

"आई," मी विचारलं, "उद्या परत असंच झालं तर काय सांगशील?"

तिनं पदरानं नाक पुसलं, आणि विचार करायला तिला अजिबात वेळ लागला नाही.

"टाकून दे म्हणीन," ती म्हणाली. "आणि परत रडत बसीन."